नऊ : वालीची

तळघरात उतरायला आठ पायऱ्या. शेवटची डुगडुगते.
कोर्बिनिअन म्हणायचा, राहू दे तशीच,
चोराला तेवढाच धाक.
चोरायला होतं काय? बटाटे, सफरचंदाची आंबलेली दारू,
आणि उत्तरेच्या भिंतीला पाठ टेकून
तपकिरीच्या बारा बरण्या.

एकोणनव्वद साली गावातली तपकिरीची गिरणी बंद पडली.
उरलासुरला माल त्यानं हातगाडीवरून घरी आणला :
ब्राझीलची काळी पानं, मुरवून कुटलेली,
वरून तूप चोळलेलं.
हो, तूपच. बव्हेरियाच्या या जंगलात तशीच रीत आहे.
नाकाला झोंबत नाही, अलगद उतरते.
पण तूप म्हटलं की खवटपणा आला,
म्हणून तर सगळी खटपट.

वहीत पेन्सिलनं लिहून ठेवलंय त्यानं :
बरणी गळ्यापर्यंत भरावी. दाबून, पण ठेचून नव्हे.
वर बोटभर हवा राहिली तर ती बोटभर हवा
खालची वीतभर तपकीर खाते.
बुचावर लाल मेण, दोन हात.
त्या खोलीत चीज नको, रॉकेल नको, कांदा तर नकोच नको.
तपकीर शेजाऱ्याचं फार ऐकते.
आणि झाकण उघडून बघू नये.
काळजीपोटी जो उघडतो
तोच पहिला चोर.

तीन वर्षांतून एक बरणी फुटायची, हिम पडायच्या आधी.
आम्ही चौघे-पाचजण मुठीची पाठ पुढे करून उभे.
वालबुर्गा तेव्हा वर खिडक्या उघडत फिरायची.
"नाकातला चिखल" म्हणायची ती तपकिरीला.
त्याचे रुमाल चिमट्यानं उचलायची, वेगळे उकळायची,
आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर.

आठवी बरणी फोडली आणि पुढच्या वर्षी तो गेला.
ती या फेब्रुवारीत.
भाचीनं म्युनिकहून फोन केला : तळघरातलं सगळं फेकून द्या.
किल्ली माझ्याकडे होती. मी उतरलो.

चार बरण्या. वहीच्या शेवटच्या पानावर त्याचं अक्षर,
हात कापत असतानाचं :
"नऊ : वालीची. हात लावू नये. दहावी घ्या."

दहावी घेतली. बूच तडकलेलं,
आत करड्या ढेकळांना जुन्या दिव्याचा वास.
अकरावी तशीच. बारावी त्याहून वाईट.

मग नववी उजेडात धरली.
हिचं मेण लाल नव्हतं. पिवळं,
चर्चमधल्या मेणबत्त्यांच्या थोटकांचं,
थरावर थर, झाडाच्या खोडात असतात तसे.
चाळीसपर्यंत मोजले, मग सोडून दिलं.
बरणी मात्र गळ्यापर्यंत भरलेली.

वर्तमानपत्र पसरून उपडी केली.
गोटे.
इल्झ नदीतले काळे, गुळगुळीत, चिमटीएवढे गोटे,
धुऊन, भट्टीवर सुकवून आत टाकलेले.
एक चिमूट काढली की एक गोटा,
म्हणजे वर हवा राहायला नको.
शेकडो गोटे. आणि तळाशी, सगळ्यांच्या खाली,
ओंजळभर तपकीर. ओलसर, काळीभोर,
खवटपणाचा लवलेश नाही.

किती तरी वेळ मी तिथं खोक्यावर बसलो.
वरती बरोबर माझ्या डोक्यावर त्यांची झोपायची खोली.
त्याची बाजू भिंतीकडची, या जिन्याकडची.
त्याची झोप सावध. ऐकू तर यायचंच.
राहू दे तशीच, म्हणाला होता.

एक चिमूट घेतली. शिंक आली नाही.
खिशात हात घातला तर नाणी, बटण, बसचं तिकीट.
दगड नव्हता.

गोटे परत भरले, बूच बसवलं.
उद्या नदीवर जाईन, येताना एक आणीन.
पायरीवर पाय ठेवला
आणि ती वाजली.